पळवणारे

मराठीत ‘पळवणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. पळायला लावणे हा एक आणि पळवून नेणे हा दुसरा. नाशिकमधल्या ज्या मैदानावर मी गेली अकरा वर्षं सकाळी फिरायला जातो, तिथे हे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात वापरले जातात आणि कुणाला त्यात काही गंमतही वाटत नाही. ‘सरांनी तिला तीन वर्षं पळवलं आणि मग त्या लोकांनी तिला पळवलं,’ असं आमच्यातले एक जण म्हणतात, तेव्हा सगळ्यांना बरोब्बर कळतं.

आमच्यातले म्हणजे कट्ट्यावरचे. मैदानाच्या कडेला कमरेएवढी भिंत आहे, चार फेऱ्या मारून झाल्या की तिच्यावर आम्ही पाच-सहा जण बसतो. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक वीज मंडळातून. एक स्वतः सत्तरच्या दशकात विद्यापीठाकडून ८०० मीटर पळालेले आणि ते आठवड्यातून एकदा तरी सांगणारे. एकाचं कॉलेज रोडला दुकान आहे. आणि मी. आमच्यापैकी कुणाचाही मुलगा किंवा नात त्या मैदानावर पळत नाही. पळणारी मुलं-मुली पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, दिंडोरी, चांदवड या बाजूंची. कुणी वसतिगृहात राहणारी, कुणी नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत. बघणारे आम्ही शहरातले, पेन्शनवाले. मैदानाचं नाव मी सांगत नाही, कारण त्यावरून माणसं ओळखू येतील.

कट्ट्यावरचा विषय ठरलेला असतो. कोणती नवी मुलगी आली, कुठल्या शाळेनं पाठवली, तिचे पाय कसे आहेत. कोणता मुलगा जिल्हा बदलून दुसरीकडून खेळणार आहे. कोणत्या कॉलेजनं कुणाला फीमाफी आणि होस्टेल देऊ केलं. रेल्वेत कुणाचं जमेल, सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीत कोण जाईल, राज्य सरकारच्या नोकऱ्यांतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणात बसायला कुणाला कोणतं पदक पुरेल. आणि प्रशिक्षक. मुख्य प्रशिक्षकाबद्दल बोलण्यासारखं फार नसतं, तो देवळातल्या मूर्तीसारखा जागेवर असतो. खरी चर्चा सहायकाची. कोण नवा आला, कोण सोडून चालला, आणि सोडून चालला तर कोणत्या मुली त्याच्याबरोबर जाणार.

यात हसण्यासारखं काही नाही. किमान आमच्यापुरतं तरी हे फार गंभीर काम आहे. नाशिकला धावण्याचा म्हणून एक अभिमान आहे आणि तो हवेतून आलेला नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिनं रौप्य घेतलं. २०१७ साली संजीवनी जाधवनं भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरला कांस्य घेतलं आणि मोनिका आथरे लंडनला जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. या मुलींना इथेच, विजेंद्रसिंगांच्या हाताखाली, भल्या पहाटे धावताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना प्रत्येक नव्या बारीक पोरीत पुढची कविता दिसते. दिसणारच. जानेवारीत मविप्र मॅरेथॉनच्या दिवशी थंडीत कुडकुडत गंगापूर रोडला उभं राहून ओरडणारी माणसं आहेत ही.

माझा पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबसला असतो. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. मागच्या खेपेला तो आला तेव्हा त्याला एक दिवस कट्ट्यावर घेऊन गेलो. तासभर ऐकून घरी येताना तो म्हणाला, ‘काका, तुम्ही लोक रिक्रूटिंग करताय.’ मग त्यानं सांगितलं ते ऐकून मला आमच्या भिंतीचा आकार कळला. तिथे शाळेतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एक ते पाच तारे देऊन याद्या छापतात. कोणता मुलगा कोणत्या विद्यापीठाला होकार देणार, दिलेला होकार फिरवणार का, डिसेंबरमध्ये सही कुठे करणार, यावर प्रौढ माणसं वर्षभर चर्चा करतात. २०२१ पासून मुलांना स्वतःच्या नावाचे पैसे घेता येतात आणि वर्षभर बाहेर न बसता विद्यापीठही बदलता येतं, त्यामुळे चर्चेला हंगाम असा उरलेलाच नाही. आणि सहायक प्रशिक्षक हा तिथे मोठा माणूस. मोठ्या विद्यापीठांत काही सहायकांना वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर पगार मिळतो. त्यानं मुलाच्या घरी जायचं, आईच्या हातचं जेवायचं, आजीशी गप्पा मारायच्या. मुलं विद्यापीठाला होकार देतात असं म्हणतात, पुष्कळदा ती त्या माणसाला देतात. म्हणून नवा सहायक नेमताना चाहते पहिला प्रश्न विचारतात तो खेळाबद्दलचा नसतो. ‘हा आपल्याबरोबर कोणाला आणेल?’ असा तो असतो.

आमच्या धाकट्या सरांना महिन्याला मानधन मिळायचं, तेही तीन-चार महिन्यांनी एकदम. काम मात्र तेच. पाड्यावर जायचं, मुलीच्या घरी बसायचं, कोरा चहा प्यायचा आणि बापाला पटवायचं की पोरगी शहरात पळायला गेली तर बिघडणार नाही. शाळांच्या स्पर्धांना ते झाडाखाली उभे राहून शेवटच्या शंभर मीटरला कोण तोंड वाकडं करतं आणि कोण करत नाही ते बघायचे. कट्ट्यावरच्या आम्हा सर्वांच्या तोंडी ‘मटेरियल’ हा शब्द असे. ‘मटेरियल चांगलं आहे.’ सर तो शब्द वापरत नसत, पण आम्हाला अडवतही नसत. सहायकाला कोण ऐकतो? लॉकडाऊनमध्ये मैदान बंद होतं तेव्हा ते मोटरसायकलवरून पाड्यांवर जाऊन मुलींचा सराव घेत होते, हे आम्हाला वर्षभरानं कळलं.

तर ती. तेरा वर्षांची असताना आली, पेठ तालुक्यातून. आली तेव्हा अनवाणी पळायची आणि शर्यत संपल्यावरही थांबायची नाही, कारण रेषा कुठे आहे हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही सगळे तिच्या प्रेमात पडलो. दुसऱ्या वर्षी तिला चांगले स्पाइक्स हवे होते, ते मी घेऊन दिले. किंमत सांगत नाही, पण मी ती विसरलो नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. तिचं १५०० मीटर अंतर होतं. धाकटे सर तिला त्याच्यावर नेत नव्हते. एका वहीत ते प्रत्येक मुलीचं आठवड्याचं पळणं, हिमोग्लोबिन, पाळीची तारीख, नडगी दुखली की नाही, सगळं लिहून ठेवायचे. नागलीची भाकरी, गूळ-शेंगदाणे आणि झोप, हे त्यांचं शास्त्र. ‘अजून दोन वर्षं हाडं पिकू द्या,’ म्हणायचे. आमच्या ८०० मीटरवाल्यांना हा भित्रेपणा वाटायचा.

चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात धाकट्या सरांनी ते मैदान सोडलं. का सोडलं याची कट्ट्यावर पाच माणसांची सहा कारणं होती. पुढे महिनाभर आम्ही दुसरं काही बोललो नाही. ते कुणाकडे जाणार, त्यांच्या जागी कोण येणार, चांगल्या चार मुलींपैकी किती त्यांच्यामागे जाणार. मी तर कागदावर नावं लिहून काढली होती; शेअर बाजारवाले लिहितात तशी. आणि सरांनी काय केलं? एकाही मुलीला ‘माझ्याबरोबर चल’ म्हटलं नाही. प्रत्येकीला तिचं तिचं वहीतलं पान फाडून दिलं आणि गेले. कोलंबसच्या हिशेबानं हा माणूस नालायकच. आमच्याही हिशेबानं. ‘सरांना मुली सांभाळता आल्या नाहीत,’ असा निकाल आम्ही दिला.

ती तेव्हा सोळा वर्षांची. जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या अकादमीनं तिला बोलावलं होतं. राहणं, जेवण, बूट, सगळं त्यांचं. मात्र त्यांना ती लांब पल्ल्यासाठी हवी होती. सरांनी जाण्याआधी तिच्या वडिलांना फोनवर एवढंच सांगितलं होतं की इतक्यात नको. वडील गोंधळले. मग कट्ट्यानं विचार केला की कुणीतरी शहाण्या माणसानं त्यांच्याशी बोललं पाहिजे. तो शहाणा माणूस मी. बूट मी दिले होते, त्यामुळे हक्क माझा, यावर दुमत झालं नाही. मी फोन केला. रेल्वे, पदक, नोकरी, बंगला असं सगळं सांगितलं. बंगला बहुतेक मीच घातला. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही, मग ते म्हणाले, ‘तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही म्हणता तं जाऊ द्या तिला.’

पुढच्या पावसाळ्याच्या आत तिच्या उजव्या नडगीच्या हाडाला बारीक भेग गेली. स्ट्रेस फ्रॅक्चर. ती तीन आठवडे दुखणं लपवून पळत होती. अकादमीला दोष देऊन मी मोकळा होऊ शकतो, पण तिथे आणखी वीस मुली तेवढंच पळत होत्या. दुखण्याबद्दल विचारणारं आणि ते वहीत लिहून ठेवणारं माणूस तिथे नव्हतं, इतकाच फरक. ती घरी परतली. बारावी झाली. मैदानावर पुन्हा आली नाही. आणि कट्ट्यावर एक दिवस कुणीतरी म्हणालं, ‘वाया गेली पोरगी.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

या ‘वाया जाण्या’पाशी मी गेली तीन वर्षं अडकून बसलो आहे. दूध वाया जातं, पाणी वाया जातं, वेळ वाया जातो. वाया जाणारी वस्तू कुणाच्या तरी उपयोगाची असावी लागते. ती मुलगी कुणाच्या उपयोगाची होती? तिच्या पायांतला वेग कुणाचा होता, की तो गेल्यावर आमचं काही हरवलं असं आम्हाला वाटावं?

इमान्युएल कांटनं १७८५ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या लहानशा पुस्तकात अशाच माणसाचं उदाहरण घेतलं आहे. अंगात गुण आहे, पण परिस्थिती सुखाची असल्यामुळे तो गुण गंजू देणारा माणूस. कांट म्हणतो, हे बरोबर नाही, गुण वाढवणं हे कर्तव्य आहे. कट्ट्याला हे वाचून दाखवलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. पण कांट पुढे जे करतो ते कट्ट्याला रुचलं नसतं. हे कर्तव्य तो माणसाच्या स्वतःशी असलेल्या कर्तव्यांत घालतो, आणि त्यातही लवचीक कर्तव्यांत. कोणता गुण, किती, केव्हा वाढवायचा याला मोकळीक आहे. म्हणजे या कर्जाचा सावकार आणि कुळ एकच. तिचं तिच्याकडे येणं असेल तर तीच मागेल. भिंतीवर बसून वसुलीला निघालेला माणूस त्या हिशेबात कुठेच येत नाही. शिवाय कांटचा माणूस सुखात लोळणारा आहे. हंड्यानं पाणी भरून, सकाळची दोन मैलांची शाळा करून पळणाऱ्या मुलीला आळसाचं उदाहरण लावायला आमच्यासारखेच लोक लागतात.

दुसरा आधार आम्हाला जॉन रॉल्सचा मिळाला असता. १९७१ सालच्या त्याच्या न्यायाच्या सिद्धान्तावरच्या ग्रंथात तो म्हणतो की निसर्गानं गुणांची जी वाटणी केली आहे ती समाजानं एक सामाईक ठेव मानावी. कुणी वेगवान जन्मतं, कुणी बुद्धिमान. यात कुणाची कमाई नाही. हे वाक्य नुसतं ऐकलं तर कट्टा म्हणेल, बघा, पाय सगळ्यांचे आहेत! पण रॉल्स पाय सामाईक म्हणत नाही, नशिबाची वाटणी सामाईक म्हणतो. आणि त्यातून तो काढतो ते इतकंच की ज्यांना सोडतीत चांगली चिठ्ठी आली, त्यांच्या भरभराटीचा फायदा ज्यांना वाईट आली त्यांना व्हायला हवा. आता आमच्या मैदानावर चांगली चिठ्ठी कुणाला आली होती? तिला पाय आले होते. मला शहरातलं घर, नळाचं पाणी, इंग्रजी शाळा, महागाई भत्त्यासकट पेन्शन. रॉल्सनं हिशेब केला असता तर देणं भिंतीकडून ट्रॅककडे निघालं असतं. बुटांचा एक जोड म्हणजे त्या देण्याचं फार तर एक महिन्याचं व्याज. मी त्याला मुद्दल समजून बसलो होतो.

रॉल्सला उत्तर म्हणून १९७४ साली रॉबर्ट नोझिकनं जे पुस्तक लिहिलं त्यात योगायोगानं खेळाडूच आहे. विल्ट चेंबरलेन, बास्केटबॉलचा. दहा लाख प्रेक्षक प्रत्येकी पंचवीस सेंट त्याच्या नावाच्या पेटीत स्वखुशीनं टाकतात, तो अडीच लाख डॉलर घेऊन घरी जातो, आणि नोझिक विचारतो, यात अन्याय कुणावर झाला? नोझिकशी माझं फारसं पटत नाही, पण या उदाहरणात एक गोष्ट स्वच्छ आहे. प्रेक्षकानं पंचवीस सेंट देऊन खेळ बघितला, व्यवहार संपला. चेंबरलेननं उद्या खेळणं सोडून चहाची टपरी टाकली तर पंचवीस सेंटवाल्याला तक्रार नाही. आम्ही तर पंचवीस पैसेही दिले नव्हते. मैदानाला तिकीट नाही.

एकलव्याचं उदाहरण देऊ नये असं मी ठरवलं होतं. आपल्याकडे त्याचा इतका वापर झाला आहे की आदिवासी मुलगा आणि खेळ हे दोन शब्द जवळ आले की वक्ते अंगठा काढतातच. तरी एक बाजू राहून जाते. द्रोणानं त्याला निवडलं नव्हतं. शिकवलं नव्हतं. अर्जुनाला पहिला नंबर देण्याचं वचन मात्र देऊन ठेवलं होतं. यादी आधीच छापून झाली होती म्हणा. आणि तरी गुरुदक्षिणा मागितली. आम्ही त्या गोष्टीत स्वतःला नेहमी एकलव्याच्या बाजूला, हळहळणाऱ्यांत ठेवतो. पण न शिकवता हक्क सांगणारा त्या गोष्टीत एकच माणूस आहे.

हे सगळं मी कट्ट्यावर एकदा बोललो. एवढ्या नावांनिशी नाही, पण बोललो. तेव्हा ८०० मीटरवाले चिडले आणि त्यांचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. ते म्हणाले, ‘मग गप्प बसायचं का? माझ्या वेळी या भिंतीवर कुणी नव्हतं. मी विद्यापीठाचा रेकॉर्डच्या जवळचा वेळ दिला, ते बघायला माळी होता आणि टायमर होता. कुणी बोललं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही, म्हणून मी कारकून झालो.’ यावर काय बोलणार? बघणाऱ्यांनी बघितलं, बोलणाऱ्यांनी बोललं, म्हणून पाड्यावरच्या मुली दिसू लागल्या, हे खरंच आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ गावाकडे विहिरी खोदायच्या कामावर होता. २०१२ साली सैन्यात गेला, तिथे त्याची उंची कुणाच्या तरी नजरेत भरली आणि पाण्याला भिणारा हा माणूस चार वर्षांत रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्यानं नाव वल्हवत होता. त्याचं शरीर बघूनच त्याला निवडलं होतं. ‘मटेरियल’ म्हणूनच. मग ते वाईट कसं म्हणू? नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात बिहारच्या वैभव सूर्यवंशीवर एक कोटी दहा लाखांची बोली लागली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तेरा वर्षांच्या मुलाचा लिलाव, असं आम्ही दोन दिवस म्हणत होतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्यानं पस्तीस चेंडूंत शतक मारलं आणि आमचा नैतिक प्रश्न मिटला. तो मिटायला नको होता. त्यानं शून्यावर बाद होऊन दाखवलं असतं तरी प्रश्न तितकाच राहिला असता, पण आमच्याकडे हिशेब असा चालतो: जो पोचला त्याच्या बाबतीत आमचं बघणं म्हणजे पारख, आणि जो पोचला नाही तो वाया गेला. दोन्हीकडे आमची जबाबदारी काही नाही.

सैन्याचंही मी त्यामुळे वेगळं धरतो. सैन्यानं दत्तूचं शरीर निवडलं, पण पगार त्याच्या नावावर होता. नौकेत तो बुडाला असता तरी महिन्याच्या एक तारखेला आईला पैसे गेले असते. धाकट्या सरांचंही वेगळं. तिचं नुकसान झालं असतं तर त्यांची तीन वर्षं गेली असती, पहाटे पाचच्या तीन वर्षांच्या पहाटा. तिच्यावर थोडाफार हक्क कुणाला सांगता आला असता तर तो त्यांनाच, आणि त्यांनीच तो सांगितला नाही. मी फोन केला तेव्हा माझं काय पणाला लागलेलं होतं? ती जिंकली असती तर ‘माझ्या बुटांवर पळाली’ असं मी गावभर सांगितलं असतं. हरली तेव्हा मी मान हलवली आणि चहा घेतला. माझा पुतण्या म्हणतो, कोलंबसमध्ये निदान मुलाला पैसे मिळायला लागले. मला तो मोठा फरक वाटतो आणि पुरेसाही वाटत नाही. पैसे मिळाल्यावर चाहत्यांची भाषा सौम्य झाली का, असं मी त्याला विचारलं. तो हसला. आता तर जास्तच वाईट बोलतात म्हणाला, पैसे घेतो ना तो.

बोलणं बंद करावं असं मला वाटत नाही. बंद होणारही नाही. माणूस निवृत्त झाल्यावर बोलणार नाही तर काय करेल. पण एखादी मुलगी कशी पळते याबद्दल बोलणं आणि तिनं कुठे जावं, काय व्हावं याबद्दल बोलणं, यांमध्ये एक रेषा आहे, आणि ती ओलांडताना काही तरी आपल्या खिशातून जायला हवं, असं मला हल्ली वाटतं. किती जायला हवं, हे मला ठरवता येत नाही. बुटांच्या जोडाहून जास्त, एवढं नक्की. बँकवाल्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे जामीनदारासारखं. कर्ज घ्यायला भरीला घालणारे पुष्कळ असतात, कागदावर सही करणारा एकच असतो. चाळीस वर्षांत त्यांनी शिकलेली ही एकमेव गोष्ट असावी आणि ती त्यांनी कट्ट्यावर इतकी वर्षं वापरली नव्हती.

परवाच्या श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला गेलो होतो. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा आता माझ्यानं होत नाही, पण पुतण्याची आई आली होती, तिला सोबत म्हणून. गर्दी नेहमीची. दोरीच्या पलीकडून कुणीतरी ‘काका’ म्हणून हाक मारली. खाकी गणवेश, रेनकोट, हातात शिट्टी. ओळखायला मला वेळ लागला. अंग भरलं होतं, केस कापलेले. पोलीस भरतीत निघाली होती. भरतीला मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. ‘पहिली आले काका माझ्या गटात,’ म्हणाली. ‘सरांच्या कागदावर जसं होतं तसंच केलं. हळूहळू वाढवलं.’ तिनं ते पान जपून ठेवलं होतं. वडिलांना दोन खोल्या बांधून दिल्या म्हणाली. धाकटी बहीण आता शाळेत पळते, असंही म्हणाली, आणि मग थांबली. मी पुढे काही विचारलं नाही. विचारावंसं फार वाटलं. किती वर्षांची, कोणतं अंतर, पाय कसे आहेत, हे सगळे प्रश्न जिभेवर होते.

मी फोनबद्दल काही तरी बोलायला सुरुवात केली, की तुझ्या वडिलांना मी तेव्हा जे सांगितलं ते. तिनं ऐकलं नाही, किंवा गर्दीमुळे तिला ऐकू आलं नाही. मागून लोंढा येत होता. तिनं शिट्टी वाजवून दोघा-तिघांना कडेला घेतलं आणि पुन्हा माझ्याकडे वळून विचारलं, ‘सर कुठे असतात हो आता? तुम्हाला माहीत असेल. माझ्याकडचा नंबर लागत नाही.’

महिनाभर आम्ही त्या माणसाशिवाय दुसरं काही बोललो नव्हतो. ते कुणाकडे जाणार, कोणाला घेऊन जाणार. मी कागदावर लिहूनसुद्धा काढलं होतं. मी तिला सांगितलं, कट्ट्यावर विचारून कळवतो.

दुसऱ्या दिवशी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं.